कॉलनीची कमान, गावाची वेस, सोसायटीची पाटी: नकाशावर 'बघण्यासारखं ठिकाण' म्हणून टाकायची का?

नकाशेवाला

मंडळी, मी फावल्या वेळात ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून बनवलेला, कुणालाही भर घालता येणारा ऑनलाइन नकाशा) पुण्यातल्या आमच्या भागाचं काम करतो, म्हणजे गल्ल्या, दवाखाने, बसस्टॉप, सार्वजनिक नळ असं जे जमिनीवर दिसतं ते नकाशावर टाकायचं, पैसे मिळत नाहीत, घरच्यांची बोलणी मिळतात. तर सध्या एक वाद चाललाय आणि तो आमच्या नकाशेवाल्यांत सुटत नाहीये म्हणून इथे आणतोय.

आमच्या भागात कोणीतरी एक भिडू प्रत्येक कॉलनीच्या कमानीला आणि सोसायटीच्या पाटीला 'टूरिझम – अट्रॅक्शन', म्हणजे बघण्यासारखं ठिकाण, असा टॅग (गोष्ट कुठल्या प्रकारची ते सांगणारी खूण) लावत सुटलाय. म्हणजे शनिवारवाड्याला जो टॅग तोच 'अमुक हाइट्स, फेज टू'च्या ग्रॅनाइटच्या पाटीला. मी काही काढले, त्याने परत लावले, मी परत काढले, आता हे असंच चाललं तर दोघांचे कान वरून उपटले जाणार. त्याचं म्हणणं एवढंच की लोक पत्ता सांगताना हेच सांगतात, मग हे ठिकाण नाही तर काय आहे.

मला पटत नाही पण पूर्ण खोडताही येत नाहीये. आमच्याच कॉलनीची कमान घ्या. दोन आरसीसीचे खांब, वर पत्र्याचं अर्धवर्तुळ, त्यावर कॉलनीचं नाव, डाव्या खांबाला पिठाच्या गिरणीची जाहिरात आणि उजव्याला 'येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल'. मुद्दाम बघायला कुत्रं येणार नाही. पण या भागातला प्रत्येक रिक्षावाला, गॅसवाला आणि लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा त्याच कमानीखाली उभा राहून फोन करतो, 'आलोय, आता कुठं वळू?'

तर अशी कमान बघण्यासारखं ठिकाण होते का? तुमच्याकडे काय परिस्थिती?

---

खडूस_कारकून

नाही. धागा संपला.

बरं, सविस्तर लिहितो. आमच्या चौकात पालिकेने कॉलनीच्या नावाचा स्टीलचा बोर्ड लावलाय. कॉलनीचं नाव वीतभर, त्याखाली 'संकल्पना : माननीय नगरसेवक' आणि माननीयांचं नाव हातभर. निवडणूक लागली की आचारसंहितेत माननीयांच्या नावावर कागद चिकटवतात, निकाल लागला की कागद अर्धा फाटतो आणि अर्धा पुढच्या पावसाळ्यापर्यंत लोंबत राहतो. हे आकर्षण? पुण्यात थोर लोक राहिले त्या घरांवर पालिकेचे निळे फलक आहेत, एकेका फलकामागे एक आख्खं आयुष्य आहे, त्यांच्याकडे मान वर करून कोणी बघत नाही आणि तुम्ही पाटीलाच प्रेक्षणीय करायला निघालात.

---

पोकेमॉनपिडीत

नकाशेवाला, तुमचा तो भिडू गेमर असणार, पैज लावतो. पोकेमॉन गो या फोन घेऊन बाहेर फिरत खेळायच्या गेममध्ये पोकेस्टॉप, म्हणजे खऱ्या ठिकाणांवरचे थांबे, लागतात ना ते असेच येतात, खेळणाऱ्यांनीच ठिकाण सुचवायचं, फोटो आणि वर्णन द्यायचं आणि दुसऱ्या खेळणाऱ्यांनी ते तपासायचं. निकष साधारण असे की जागा फिरायला, व्यायामाला किंवा चार लोक भेटायला चांगली हवी, कुणाच्या खाजगी घराच्या आवारात नको, शाळेत नको. तिथे कॉलनीच्या पाट्यांवरून जगभर डोकी फुटलीयेत, एक गट म्हणतो पाटी म्हणजे त्या वस्तीची ओळख, दुसरा म्हणतो बिल्डरची जाहिरात. मी स्वतः आमच्या सोसायटीची पाटी टाकलेली, वर्णनात 'सांस्कृतिक वारसा' असं ठोकून दिलेलं, रिजेक्ट झाली :)

अवांतर : २०१६ ला याच गेमविरुद्ध गुजरात हायकोर्टात याचिका झालेली, देवळांत व्हर्च्युअल अंडी मिळतात म्हणून.

---

खडूस_कारकून

'सांस्कृतिक वारसा', हसून हसून पुरेवाट. पाटीवर काय होतं, स्विमिंग पूलचं चित्र?

---

पोकेमॉनपिडीत

ग्रीक खांब आणि दोन सिंह. एका सिंहाचं नाक गेलंय.

---

गंगावेशीचा

काय राव, पुण्या-मुंबैचं बोलताय नुसतं. आमच्यात कोल्हापुरात बघा, गंगावेस, रंकाळावेस, रविवार वेस. आता तिथं वेस हाय का? नाय. पण कुणालाबी विचारा, गंगावेस कुठं, डोळे झाकून न्हेऊन सोडंल. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर या, म्हस समोर उभी, धार काढून ताजं फेसाळ दूध ग्लासात, उभ्या उभ्या प्यायचं, मिशा पुसायच्या आणि घरला. गंगावेस तालमीतनं पैलवान किती बाहेर पडले ते कुस्तीवाल्याला विचारा. दगडाचा दरवाजा पडून गेला तरी जागा जागेवरच हाय, आता बोला.

आणि आमच्यात गल्लीची पाटी लागतच न्हाई, तालीम म्हणजेच पत्ता. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. फुटबॉलची मॅच असली की कोण कुठल्या गल्लीचं ते झेंड्यावरनं कळतं. माझं म्हणणं एवढंच, लोखंडी कमान उभी केली म्हणून ठिकाण होत न्हाई, माणसं उभी राहाय लागली की होतंय.

---

बावन्न_दरवाजे

दरवाज्यांचा विषय निघाला आणि आमच्या शहराचं नाव नाही, हे काही बरोबर नाही. छत्रपती संभाजीनगरला बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात, आज उभे आहेत ते त्याच्या बरेच कमी. पण दिल्ली गेट, पैठण गेट, रोशन गेट, भडकल गेट ही आमच्याकडे दरवाज्यांची नावं आहेत तशीच मोहल्ल्यांची पण आहेत. 'रोशन गेटला राहतो' म्हटलं की कोणी असं विचारत नाही की दरवाज्यात राहतोस का.

यातला भडकल गेट १६१२ सालचा, मलिक अंबरने मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. त्याच्यासमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी एका हबशी वजिराने बांधलेल्या दरवाज्यासमोर आज भीमजयंतीची गर्दी, याला पॉइंट ऑफ इंटरेस्ट म्हणायचं नाही तर काय झेरॉक्सच्या दुकानाला म्हणायचं? मकई गेट मधून तर परवापरवापर्यंत बस आणि रिक्षा एकामागोमाग एक घुसायच्या, समोरून कोण येतंय ते हॉर्नवर कळायचं. मधे स्मार्ट सिटीच्या पैशातून काही दरवाज्यांची डागडुजी, लायटिंग झालं, छान झालंय. पण लायटिंगच्या आधीही लोक त्यांना ओळखत होते हे विसरू नका.

---

खडूस_कारकून

अहो दरवाजे, तुमच्याशी कोण भांडतंय? १६१२ चा दरवाजा टाकाच, ओपनस्ट्रीटमॅपवर त्याला 'हिस्टॉरिक' खाली 'सिटी गेट' असा स्वतंत्र टॅग आहे (बघा, मी पण शोधलं). प्रश्न २०१२ च्या कमानीचा आहे. मलिक अंबरच्या आडून बिल्डरला आत घेऊ नका.

---

टेक्सासची_वहिनी

रोमात होते (नुसती वाचत होते), आता राहवलं नाही. इकडे अमेरिकेत तर हे पीक अमाप आहे. प्रत्येक सबडिव्हिजनच्या, म्हणजे घरांच्या वसाहतीच्या, तोंडाशी दगडी भिंत, त्यावर पितळी अक्षरात काहीतरी ओक्स नाहीतर क्रीक, जिथे ओकही नाही आणि ओढाही नाही, खाली सीझनप्रमाणे बदलणारी फुलं आणि त्याचा खर्च एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) वर्गणीतून आपल्याच खिशातून. आमच्या पाटीपाशी दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या दिवशी सगळी देशी मंडळी पोरांचे फोटो काढतात, मी पण काढते. म्हणून ती प्रेक्षणीय आहे का तर मुळीच नाही.

पण खडूसराव, एक गंमत सांगते. हॉलिवूडची ती डोंगरावरची पाटी, ती मुळात प्लॉट विकायची जाहिरातच होती. १९२३ साली 'हॉलिवूडलँड' म्हणून एका गृहप्रकल्पासाठी उभी केली, वर्ष-दीड वर्षच ठेवायची होती, रात्री बल्ब लावून चमकवायचे. मग प्लॉटवाले गेले, पाटी मोडकळीला आली, १९४९ ला दुरुस्ती करताना शेवटचं 'लँड' काढून टाकलं आणि १९७८ ला सगळी अक्षरं नव्याने उभारली. त्याआधीच १९७३ मध्ये लॉस एंजेलिस शहराने तिला वारसास्थळ म्हणून मान्यता दिलेली. लास वेगासच्या वेशीवरची 'वेलकम'ची निऑन पाटी १९५९ ची, ती २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत गेली. म्हणजे बिल्डरची पाटी कधीच आकर्षण होऊ शकत नाही असं तुम्ही म्हणताय ते इतिहासात टिकत नाही.

---

खडूस_कारकून

वहिनी, दंडवत. पण ती पाटी मोठी झाली ती सिनेमामुळे. आमच्या 'अमुक हाइट्स'मध्ये कोणी सिनेमा काढेपर्यंत थांबू.

---

मांडवीकाठ

वहिनींनी हॉलिवूड काढलं म्हणून लिहिते, त्याची दुसरी बाजू. त्या पाटीच्या खालच्या गल्ल्यांत राहणारी माणसं पर्यटकांनी हैराण आहेत हे बातम्यांत येतच असतं. आमच्या पणजीत फोंतेन्हासला तोच प्रकार. जुन्या पोर्तुगीज वळणाची घरं, पिवळी, निळी, लाल, आणि भिंतीत बसवलेल्या हाताने रंगवलेल्या अझुलेजो टाइल्स, त्यावर घराचं नाव, रस्त्याचं नाव. रुआ ३१ दि जानेरोची पाटी कितीजणांच्या प्रोफाइलवर असेल देव जाणे. माझी मावशी तिथे राहते. तिच्या पायरीवर एक नवरीमुलगी बसलेली, प्रीवेडिंगवाली, फोटोग्राफर मावशीलाच सांगतो, 'आंटी, दोन मिनिटं दार लावून घ्या, फ्रेममध्ये येताय.' स्वतःच्या घराचं दार! आता कित्येक घरांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या आहेत आणि त्या पाट्यांचेही फोटो निघतात.

तेव्हा 'आकर्षण' हा टॅग लावणारे दादा असोत का ताई, लावायच्या आधी तिथे कोण राहतं त्याला एकदा विचारा. नकाशावर चांदणी ठोकणं सोपं, ती झेलायला लागते ती पायरीवाल्याला.

---

दादरकर

मांडवीकाठ +१.

सेल्फीचं म्हणाल तर मुंबईत याची सुरुवात आमच्या शिवाजी पार्कातून झाली असं मी तरी मानतो. तिथला सेल्फी पॉइंट २०१७ च्या पालिका निवडणुकीनंतर बंद झाला आणि मग तो कोणी चालवायचा यावरून राजकीय पक्षांत जी जुंपली, वाटलं काश्मीर प्रश्न आहे. त्यानंतर प्रत्येक वॉर्डात 'आय लव्ह' अमुकतमुक, लाल बदाम, मागे एलईडी, त्यातलं एक अक्षर कायम बंद. आमच्या इथे मधलं अक्षर गेल्याने भलताच शब्द तयार झालेला, तो मॉडरेटर इथे ठेवणार नाहीत.

पण गंगावेशीचा यांचा मुद्दा बरोबर आहे, जागा दाराशिवायही टिकते. चर्चगेट बघा की. मुंबईच्या किल्ल्याला तीन मुख्य दरवाजे होते, अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली, दरवाजा गेला, तिथे १८६४ ला फ्लोरा फाउंटन आलं. स्टेशन तिथून चांगलं लांब. आणि तरी रोज लाखो लोक 'चर्चगेट फास्ट' पकडतात. तिथं कुणाला दरवाजा दाखवायची गरज पडत नाही.

---

फाट्यावरचा

आम्ही रत्नागिरीकडले. आमच्याकडे कमान म्हणजे हायवेला फाट्यावर. गाव आत चार-पाच किलोमीटर, एसटी फाट्यावर सोडणार, तिथून चालत नाहीतर डुगडुगी. कमान बांधली मुंबईकर ग्रामस्थ मंडळाने, पोरं परळ-लालबागला खोलीत राहून वर्गणी काढायची. खांबावर संगमरवरी फरशी, त्यावर देणगीदारांची नावं रकमेसकट, मोठ्या रकमा वर, छोट्या खाली, आणि एक नाव नंतर रंगाने वाढवलेलं कारण त्यांचे पैसे उशिरा आले. वर ग्रामदेवतेचं नाव आणि 'आपले सहर्ष स्वागत', मागच्या बाजूला 'पुन्हा यावे'. गणपतीला रात्रीच्या गाडीने आलं की झोपेत पण कमान दिसली की बॅगा खाली काढायच्या.

महामार्गाच्या चौपदरीकरणात गेली ती. नुकसानभरपाई कमानीची मिळाली, नावांची फरशी जेसीबीवाल्याने कुठे टाकली कोणाला पत्ता नाही. दोन गट पडलेत, एक म्हणतो नवी बांधू, एक म्हणतो त्या पैशात देवळाचा सभामंडप. आता रात्री ड्रायव्हर फाटा चुकतो आणि पुढच्या गावात सोडतो. आकर्षण वगैरे मला कळत नाही पण नकाशावर असायला हवी होती, निदान गेल्यावर कुठे होती ते तरी दाखवता आलं असतं.

---

सिव्हिलवाला

फाट्यावरचा, वाईट वाटलं, पण हायवेवरच्या कमानी काढायला कारण असतं. रस्त्यावर आडवं काही बांधायचं तर खाली साडेपाच मीटर मोकळी उंची सोडायची असा दंडक आहे, गावच्या कमानी गवंड्याच्या अंदाजाने बांधलेल्या. ऊस भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली अडकून कमानीचं 'स्वागत' खाली आलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, उरलेलं 'आपले सहर्ष' बरेच दिवस तसंच होतं. शहरात तर गणपतीची मूर्ती मोठी आणि कमान छोटी यावर दरवर्षी तमाशा असतो, आणि अग्निशमनची गाडी आत गेली नाही तर तो तमाशा राहत नाही.

---

ऑरेंज_बावा

काहून भांडून राहिले बे तुम्ही? नागपुरात या, महालात गांधी गेट आहे, जुना जुम्मा दरवाजा. नाव बदललं, दरवाजा उभा हाय, लोकं दोन्ही नावं वापरतात, कोणाचं काही बिघडलं नाही. टाका नकाशावर दोन्ही आन मोकळे व्हा.

---

समता_चौक

ऑरेंज बावा, 'दोन्ही नावं टाका आणि मोकळे व्हा' हे सगळीकडे चालत नाही, म्हणून लिहितोय. एरवी मी वाचूनच जातो.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, आणि तिला गाव जे नाव घ्यायचं ते जातीचं होतं. शाळेच्या दाखल्यावर पत्ता तोच, रेशनकार्डावर तोच, पोस्टमन पत्र वाचताना मोठ्याने तोच म्हणायचा. वस्तीतल्या पोरांनी नाव बदललं ते सरकारच्या फार आधी, बोर्ड लाकडी होता, दोनदा कोणीतरी रात्री उपटून टाकला. मग लोकवर्गणीतून पक्की कमान उभी केली. वर अशोकचक्र, एका खांबावर बुद्ध, एका खांबावर बाबासाहेब, मध्ये 'भीमनगर'. रंग दरवर्षी जयंतीच्या आधी आम्हीच देतो, निळा सोपा आहे, पण पांढऱ्या अक्षरांना आउटलाइन काढायला हात लागतो, ते काम गावातला एकच पेंटर करायचा आणि तो त्याचे पैसे घ्यायचा नाही. १४ एप्रिलची मिरवणूक तिथूनच निघते. ६ डिसेंबरला मेणबत्त्या तिथेच लागतात.

सरकारने डिसेंबर २०२० मध्ये निर्णय घेतला की राज्यातल्या वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची, समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. चांगला निर्णय. पण नुसत्या कागदाने नाव तोंडात बसत नाही. आमच्या गावात ते बसलं ते कमानीमुळे, कारण रिक्षावाल्याला 'कमानीपाशी सोड' म्हणायला लागलं की तो विचारतो कुठल्या कमानीपाशी, आणि मग त्याला 'भीमनगर' म्हणावंच लागतं.

आता तुमच्या चर्चेत 'आरसीसीचे दोन खांब, बघायला कोण येणार' असं म्हटलंय, ते तुमच्या कॉलनीपुरतं खरं असेल. तुमच्या कॉलनीला नाव मागावं लागलं नव्हतं. आमच्या कमानीला ना शिल्प आहे ना चारशे वर्षं, कोणत्याही वारसा समितीच्या निकषात ती बसणार नाही. पण आमच्या वस्तीत बघण्यासारखं एक ठिकाण सांगा म्हणाल तर मी तीच सांगेन. आणि एका नकाशावर अजूनही आमच्या वस्तीचं जुनंच नाव येतं. मी दुरुस्ती पाठवली की 'पडताळणी चालू आहे' असा मेसेज येतो.

---

मांडवीकाठ

समता चौक, तुम्ही वाचूनच जात जाऊ नका, लिहीत जा.

---

खडूस_कारकून

माझा पहिला प्रतिसाद माननीयांच्या बोर्डाबद्दल होता आणि तो मी मागे घेत नाहीये. पण भीमनगरच्या कमानीला तो लागू नाही हे उघड आहे. नकाशेवाले, ही कमान टाका, टॅग कुठला लावायचा ते तुमचं तुम्ही बघा.

---

जुनी_पानं

तज्ज्ञ म्हणून नाही, इतिहासाची आवड म्हणून विचारतो. ओपनस्ट्रीटमॅपवर जुन्या नावासाठी वेगळा रकाना असतो ना? मग वस्तीचं जुनं नाव तिथे ठेवायला काय हरकत, दिसणार नाही पण शोधणाऱ्याला सापडेल. उद्या कोणी अभ्यास करायला बसला, जुन्या दस्तऐवजात जुनं नाव असेल आणि नकाशावर नसेल, तर दुवा तुटेल. नाव पुसलं म्हणून जे घडलं ते पुसलं जात नाही.

---

समता_चौक

अभ्यास करणाऱ्याकडे सातबारा आहे, गॅझेटियर आहेत, जनगणनेचे जुने कागद आहेत, सगळं आहे. तो नक्की शोधेल, त्याची काळजी नको. काळजी त्या मुलीची आहे जी फोनवर स्वतःच्या घराचा पत्ता टाकते आणि सुचवणीमध्ये वर तेच नाव येतं.

---

जुनी_पानं

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. तरी दस्तऐवज म्हणून कुठेतरी असावं हे मत आहेच, पण नकाशा ही ती जागा आहे का यावर विचार करतो.

---

नकाशेवाला

समता चौक, मनापासून आभार. जुन्या नावाचा रकाना आहे आणि तो शोधात वापरला जातो हे खरं, त्यामुळे तुम्ही म्हणताय तसं होऊ शकतं. ओपनस्ट्रीटमॅपचा मूळ नियम सोपा आहे, जमिनीवर जे आहे ते टाका, दुसऱ्याला जाऊन पडताळता आलं पाहिजे. तुमच्या कमानीवर 'भीमनगर' लिहिलंय, लोक भीमनगर म्हणतात, झालं पडताळून. जुनं नाव मी तरी टाकणार नाही, टाकायचं असेल तर वस्तीतल्या कुणीतरी सांगावं. गावाचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवा, आज रात्री वस्तीचं नाव आणि कमान दोन्ही टाकतो, मराठी नावाच्या रकान्यासकट.

---

पार्सल_पाटील

रामराम. ते कमानींना टॅग लावणारे ते मीच. मित्राने लिंक पाठवली की तुझ्यावर धागा निघालाय म्हणून.

मी गेमर नाही. डिलिव्हरी करतो. डेटा संपला तरी चालावं म्हणून फोनमध्ये ऑफलाइन नकाशा आहे, तो ओपनस्ट्रीटमॅपवरूनच येतो. त्यात फाटक म्हणून टाकलं की नुसती खूण येते, नाव दिसत नाही. 'आकर्षण' टाकलं की नावासकट दिसतं, लांबून झूम न करता. गाडी चालवताना मला तेवढंच पाहिजे. कस्टमर सांगतो 'कमानीतून आत ये', आणि त्या रस्त्याला कमानी चार. मोठ्या सोसायट्यांना तर गेट दोन, गेट तीन, पार्सल फक्त गेट तीनने, वॉचमन गेट एकला अर्धा तास वाद घालणार आणि मग तीनकडे पाठवणार, पूर्ण वळसा घालून. पेट्रोल माझं, रेटिंग माझं. म्हणून टाकलं. शनिवारवाड्याचा अपमान करायचा हेतू नव्हता.

---

पोकेमॉनपिडीत

पैज हरलो :)

---

नकाशेवाला

पाटील, आधी निरोपात एवढं लिहिलं असतंत तर भांडण झालंच नसतं, मीही विचारलं नाही म्हणा. अडचण खरी आहे पण उपाय चुकीचा आहे. नकाशात नाव दिसावं म्हणून खोटा टॅग लावला की जो खरंच फिरायला आलाय तो तुमच्या 'अमुक हाइट्स'समोर कॅमेरा घेऊन उभा राहणार. त्यापेक्षा असं करू. कॉलनीचं नाव परिसर म्हणून टाकू, ते झूमवर नावासकट दिसतं. सोसायटीचे गेट प्रवेश म्हणून टाकू, गेट क्रमांक त्याच्या रकान्यात, आणि डिलिव्हरी कुठल्या गेटने ते वर्णनात. तुमच्या ॲपमध्ये त्यातलं काय दिसतं ते मला सांगा, नाही दिसलं तर ॲपवाल्यांना कळवू. आणि गेटची माहिती माझ्याकडे शून्य आहे, ती तुमच्याकडेच असणार.

---

पार्सल_पाटील

गेट मला झोपेत पाठ आहेत. कुठला वॉचमन चांगला ते पण टाकता येईल का?

---

नकाशेवाला

वॉचमन नाही टाकता येणार, तो नाइट शिफ्टला बदलतो.

---

टेक्सासची_वहिनी

वा पाटील! मग आता 'आकर्षण' कशाला ठेवायचं ते पण ठरवा की. माझ्या मते तिथे नुसतं बघायलाच म्हणून वाट वाकडी करून कोणी येत असेल तरच. निगडीचं भक्ती-शक्ती शिल्प बघा, शहराच्या तोंडाशी आहे, वेशीचंच काम करतं, पण माणसं तुकोबा आणि शिवरायांची भेट बघायला मुद्दाम येतात, पोरांना घेऊन बसतात. ते ठेवा. आमच्या ओकविना ओक्सची पाटी नको.

---

गंगावेशीचा

आणि गंगावेस? तिथं तर बघायला दरवाजाबी न्हाई.

---

टेक्सासची_वहिनी

तिथे दूध आहे ना भाऊ, दूध कट्टा म्हणून टाका, मीच येईन पुढच्या ट्रिपला.

---

फाट्यावरचा

नकाशेवाले, पडलेली कमान टाकता येते का? फोटो आहे माझ्याकडे, लग्नातला, वऱ्हाड उतरताना मागे कमान पूर्ण दिसते.

---

नकाशेवाला

जे आता जमिनीवर नाही ते मुख्य नकाशावर टाकत नाहीत. पण ऐतिहासिक गोष्टींसाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप नावाचा वेगळा प्रकल्प आहे, तिथे गोष्ट कधीपासून कधीपर्यंत होती ते तारखेसकट टाकता येतं. बांधली कधी आणि पाडली कधी ते गावात विचारून ठेवा. आणि फाट्याचा एसटी थांबा आपल्या नकाशावर आहे का ते बघून सांगतो, नसेल तर तो आधी टाकू, ड्रायव्हर चुकतोय म्हणालात ना.

---

खडूस_कारकून

मग आमच्या चौकातल्या माननीयांच्या बोर्डाचं काय ठरलं?

---

पार्सल_पाटील

तो मी अजून टाकलेला नाही साहेब. त्याच्या मागे गाडी लावायला सावली चांगली आहे, गर्दी नको.